शेतमजुराचा विमा हप्ता कोण भरतो?

प्रश्न : ज्या देशात बहुतेकांना महिन्याचा ठरलेला पगारच नसतो, तिथे राष्ट्रीय आरोग्य विमा आणायचा तर हप्ता वसूल कसा करायचा? एखाद्या गरीब देशाने हे करून दाखवले आहे काय? – एक वाचक, सांगली

उत्तर : पश्चिम आफ्रिकेतील घानाने करून दाखवले आहे, मात्र आपण विचारलेला पेच सोडवून नव्हे, तर त्याला बगल देऊन. तिथल्या सरकारी रुग्णालयांत १९८५ पासून आधी पैसे, मग उपचार असा शिरस्ता होता. लोक त्याला ‘कॅश अँड कॅरी’ म्हणत आणि बिल चुकते होईपर्यंत बाळंतिणीला घरी न सोडल्याचे प्रकारही घडत. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जॉन कुफुओर यांनी २००० च्या निवडणुकीत ही पद्धत मोडीत काढण्याचे वचन दिले आणि २००३ मध्ये राष्ट्रीय आरोग्य विम्याचा कायदा झाला. घानातीलच एन्कोरांझा येथील मिशन रुग्णालयाने १९९२ पासून चालवलेल्या सामूहिक विम्याचा अनुभव तेव्हा देशापाशी होता.

पैशाची तजवीज अशी झाली : करपात्र वस्तू व सेवांवर अडीच टक्के आरोग्य विमा कर लावला आणि पगारदारांच्या निवृत्तिनिधीच्या वर्गणीतून पगाराच्या अडीच टक्क्यांइतकी रक्कम वळती केली. कामगार संघटनांनी त्यावर बरीच ओरड केली. शेतकरी, फेरीवाले, मजूर यांनी ऐपतीप्रमाणे वर्षाला जुने ७२,००० ते ४,८०,००० सेडी (हे घानाचे चलन; २००७ मधील चलनबदलानंतरचे ७.२० ते ४८) भरावेत, असे ठरले होते. पण टोपलीत टोमॅटो घेऊन बसणाऱ्या बाईची ऐपत मोजायची कोणी? अनेक जिल्ह्यांनी सरसकट एकच रक्कम ठरवून टाकली. एकूण उत्पन्नात हप्त्यांचा वाटा अगदी थोडा राहिला आणि योजना मुख्यतः करावर चालली. नाव विम्याचे, पोट कराचे.

प्रश्न : महाराष्ट्रातील योजनेपेक्षा ती वेगळी कशी?

उत्तर : महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. घानात मलेरियाचा ताप घेऊन आलेल्या रुग्णाची बाह्यरुग्ण तपासणी आणि यादीतील औषधे विम्यातच येतात, आणि गरिबाचा खिसा अशा वरचेवरच्या खर्चानेच रिकामा होतो, म्हणून मला हा फरक मोलाचा वाटतो. अठरा वर्षांखालील व सत्तरीपुढील व्यक्तींना हप्ता माफ आहे, गरोदर स्त्रियांना तो २००८ मध्ये माफ झाला. तरी नोंदणी दरवर्षी नवी करावी लागते, आणि अनेकांचे कार्ड तिथेच बाद होते. दुसरी अडचण याहून जुनाट आहे. रुग्णालयांचे दावे महिनोन्‌महिने थकतात, तेव्हा औषधांचे कपाट रिकामे पडते आणि कार्ड हाती असलेल्या रुग्णाला बाहेरच्या दुकानाची चिठ्ठी मिळते.