वाचकांचे प्रश्न : बर्फाच्या देशात लेकरांना नेताना

प्रश्न : आम्ही पुण्याला राहतो. मुलगा सात वर्षांचा आणि मुलगी साडेतीन वर्षांची आहे. नाताळच्या सुट्टीत दहा दिवसांत फिनलंडमधील हेलसिंकी, त्याच देशाच्या उत्तरेकडच्या लॅपलँडमधील रोव्हानिएमी, नॉर्वेतील ट्रॉम्सो आणि परतताना स्टॉकहोम असा बेत आखला आहे. मुलाला सांताक्लॉजला भेटायचे आहे आणि आम्हां दोघांना नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे उत्तरेकडच्या रात्रीच्या आकाशातले रंगीत प्रकाशझोत, पाहायचे आहेत. सासूबाई मात्र म्हणतात, की एवढ्या थंडीत लेकरांना नेऊ नका. काय करावे?
— एक वाचिका, पुणे

उत्तर : सासूबाईंची काळजी रास्त आहे, मात्र त्या ज्या थंडीला घाबरतात, ती तुमच्या बेतातली सर्वांत मोठी अडचण नाही. फिनलंडमधली लहान मुले उणे दहा अंशांतही रोज बाहेर खेळतात आणि तिथल्या तान्ह्या बाळांची दुपारची झोपसुद्धा पुष्कळदा बाबागाडीत, उघड्या हवेत होते. तुमची खरी अडचण तारखेत आहे.

रोव्हानिएमी हे गाव आर्क्टिक वृत्ताला अगदी खेटून वसले आहे. नाताळच्या सुमारास तिथे सूर्य सकाळी अकरानंतर उगवतो आणि दुपारी दीडच्या आत मावळतो. त्याच्या आधी आणि नंतर काही काळ निळसर संधिप्रकाश असतो, तो फार सुंदर दिसतो, पण उरलेला सगळा वेळ रात्र असते. त्यात हिवाळ्यात फिनलंडचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, म्हणजे पुण्यात सकाळी सातला उठणारे मूल पहिले तीन-चार दिवस तिथल्या पहाटे साडेतीनला टक्क जागे होणार. साडेतीन वर्षांच्या मुलीला हॉटेलच्या खोलीत, बाहेर मिट्ट काळोख असताना, सात तास रमवण्याची तुमची तयारी असेल तर डिसेंबरात खुशाल जा. माझे मत विचाराल तर मार्चचा पहिला पंधरवडा निवडा. तेव्हा दिवस दहा ते साडेअकरा तासांचा झालेला असतो, बर्फाचा थर साधारणपणे याच दिवसांत सर्वांत जाड असतो आणि जानेवारी-फेब्रुवारीतल्या कडाक्याची धार थोडी बोथट झालेली असते. सांताक्लॉजची चिंता करू नका; रोव्हानिएमीपासून सुमारे आठ किलोमीटरवर असलेल्या त्याच्या गावात तो वर्षभर भेटतो. भेटीला पैसे पडत नाहीत, त्यांच्या छायाचित्रकाराने काढलेल्या छायाचित्राला मात्र पडतात, हे मुलाला आधीच सांगून ठेवा. दुसरीतल्या मुलाची आठवडाभर शाळा बुडेल. वर्गशिक्षिकांना वेळेवर कळवले, तर एवढ्याने काही बिघडत नाही.

आता चार शहरांविषयी. ट्रॉम्सो आणि स्टॉकहोम या दोहोंवर काट मारा. बर्फाच्या प्रदेशात मुलांना दाराबाहेर काढणे हाच एक कार्यक्रम असतो: आतले कपडे, मधले कपडे, वरचा डगला, मोजे, बूट, कानटोपी, हातमोजे, असे करून दोन मुले तयार व्हायला पंचवीस मिनिटे लागतात आणि धाकट्याचा शेवटचा बूट चढतो न चढतो तोच त्याला शू लागते. ज्या दिवशी प्रवास असतो, त्या दिवशी हे चार-पाच वेळा होते. त्यापेक्षा हेलसिंकीत दोन रात्री राहावे, तिथून रात्रीच्या रेल्वेने सुमारे बारा तासांत रोव्हानिएमी गाठावे आणि तिथे पाच रात्री एकाच घरात काढाव्यात. विमान दीड तासाच्या आतच पोहोचवते, पण झोपायच्या डब्यातून बर्फाळ रान मागे पळताना पाहणे मुलांना विमानापेक्षा कितीतरी अधिक आवडते. हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेले घर घ्या आणि घेताना तिथे कपडे सुकवायचे कपाट आहे का, हे आवर्जून विचारा. फिनलंडमधल्या घरांत गरम हवेचे असे कपाट बहुधा असते. बर्फात लोळून आलेल्या मुलांचे ओले हातमोजे त्यात रात्री टांगले की सकाळी कोरडे मिळतात.

कपड्यांबाबत तीन थरांचे सूत्र आपण ऐकले असेलच. अंगालगत मेरिनो लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे पातळ कपडे, त्यावर लोकर वा फ्लीस (मऊ, उबदार कृत्रिम कापड) आणि सर्वांत वर वारा व पाणी अडवणारा पोशाख. सुती बनियन मात्र घरी ठेवून जावे, कारण सूत घाम शोषते, ओले राहते आणि अंगाची ऊब काढून घेते. मी स्वतः पहिल्या वेळी नेमकी उलटी चूक पायांच्या बाबतीत केली होती. माझा चार वर्षांचा धाकटा तक्रार करायला लागला, तेव्हा मी त्याला मोज्यांवर आणखी एक मोजा चढवला. अर्ध्या तासाने तो रडू लागला. बूट काढून पाहिले तर बोटे पांढुरकी पडलेली आणि मोज्याच्या विणीचे ठसे पायावर उमटलेले. दुसऱ्या मोज्यामुळे बूट घट्ट झाला होता, रक्त नीट खेळत नव्हते आणि बोटांभोवती ऊब धरून ठेवणारी हवाच उरली नव्हती. तेव्हापासून आमचा नियम असा आहे, की लोकरीचा एकच मोजा घालायचा आणि बूट एक माप मोठा घ्यायचा, ज्यात बोटे मोकळी हलतील. हातांसाठीही पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा फक्त अंगठा वेगळा असलेले मिटन बरे, कारण त्यात बोटे एकमेकांना ऊब देतात. त्यांचे दोन जोड न्यावेत, एक जोड हमखास ओला होतो. सगळे इथून विकत घेण्याची गरज नाही. तिथल्या सहलींचे आयोजक बाहेरचा जाड पोशाख आणि बूट पुष्कळदा देतात किंवा ते भाड्याने मिळतात. मात्र मुलांची मापे आधी कळवावीत.

आणखी एक गोष्ट पालकांच्या लक्षात येत नाही. स्लेजमध्ये, म्हणजे बर्फावरून ओढायच्या घसरगाडीत, बसलेले मूल हालचाल करत नाही. दोरी ओढणाऱ्या वडिलांना घाम फुटलेला असतो, त्यामुळे त्यांना वाटते की हवा बरीच उबदार आहे, आणि मागे बसलेली मुलगी तेवढ्यात गारठून गप्प होते. लहान मुलांच्या अंगाचे वजन कमी आणि त्या मानाने त्वचेचा पसारा मोठा असतो, म्हणून त्यांची ऊब मोठ्यांपेक्षा लवकर निघून जाते. अशी गप्प झालेली मुलगी दमलेली नसून गारठलेली आहे असे समजावे, तिला उतरवून धावायला लावावे किंवा सरळ आत न्यावे. ऊब तपासताना नाक वा हात पाहू नये, ते गारच असतात. मानेच्या मागे, कपड्याच्या आत बोट घालून पाहावे. बाहेरची एक फेरी चाळीस मिनिटांची धरा, उणे वीसच्या खाली ती वीस मिनिटांवर आणा. गालावर, नाकावर किंवा कानावर मेणासारखा पांढरा डाग दिसला, तर तो भाग चोळू नका, बर्फ तर मुळीच लावू नका. मुलाला आत नेऊन आपला उबदार तळवा नुसता टेकवून ठेवा; रंग आणि संवेदना परत आली नाही, तर डॉक्टरकडे जा. तिथे तातडीच्या मदतीचा क्रमांक ११२ आहे.

भाड्याच्या मोटारीत किंवा टॅक्सीत मुलांच्या आसनाची मागणी आगाऊ नोंदवावी आणि पट्टा लावण्यापूर्वी फुगलेला डगला काढावा. डगल्यावरून घट्ट वाटणारा पट्टा धडकेच्या वेळी डगला दबताच सैल पडतो. पट्टा लावून झाल्यावर डगला पांघरुणासारखा वरून घालता येतो.

राहिले नॉर्दर्न लाइट्स. ते मार्चअखेरपर्यंत दिसू शकतात, त्यासाठी अंधार आणि निरभ्र आकाश लागते. पण रात्री दहा म्हणजे तुमच्या मुलांच्या अंगातल्या घड्याळात दीड वाजलेले असतात. मुलांना उठवून रानात नेण्याचा हट्ट धरू नका. एकाने घरी थांबावे, दुसऱ्याने जावे आणि पुढच्या रात्री पाळी बदलावी. गावाच्या दिव्यांपासून दूर असलेले घर घेतले, तर कदाचित दारातूनच दिसतील.

प्रश्न : आम्हीही फेब्रुवारीत फिनलंडला जात आहोत. पाच वर्षांचा मुलगा वरण-भात-तुपाशिवाय जेवत नाही. घरचे तूप आणि खाऊ नेता येईल का? व्हिसासाठी मुलाचेही बोटांचे ठसे लागतात का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तूप नेता येणार नाही. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दूध, तूप, पनीर यांसारखे दुग्धपदार्थ आणि मांस सोबत आणण्यास मनाई आहे. अपवाद आहे तो तान्ह्या मुलांच्या दुधाच्या भुकटीसारख्या मोजक्या गोष्टींचा, तोही ठरावीक वजनापर्यंत. सामानात बरणी सापडली तर ती तिथेच काढून घेतली जाते, म्हणून साजूक तुपाची हौस नाशिकलाच पुरवून घ्यावी. त्याऐवजी मेतकूट न्या. तिथल्या दुकानात तांदूळ आणि उत्तम लोणी सहज मिळते. गरम मऊ भात, लोणी आणि मेतकूट यांवर आमच्या मुलांनी आठवडा काढला आहे. लोणी मंद आचेवर कढवले तर दहा मिनिटांत तूपही होते. नळाचे पाणी निर्धास्त प्यावे, बाटल्यांवर पैसे घालवू नयेत. केसांसाठी खोबरेल नेणार असाल, तर ते चोवीस अंशांखाली थिजते हे पुण्या-नाशिकच्या थंडीतही आपण पाहतोच. विमानातून उतरल्यापासून ते दगडच असेल. गालांना आणि ओठांना व्हॅसलिन बरे.

शेंगेन व्हिसासाठी (फिनलंडसह बहुतेक युरोपीय देशांना चालणाऱ्या सामाईक व्हिसासाठी) बारा वर्षांखालील मुलांचे ठसे घेत नाहीत. सहा वर्षांखालील मुलांना शुल्कही नाही. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना प्रौढांच्या निम्मे, म्हणजे सध्या ९० युरोऐवजी ४५ युरो पडतात. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण क्वचित पंचेचाळीसही लागू शकतात, तेव्हा उशीर करू नका. किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा विमा प्रत्येकाच्या नावे हवा, मुलाच्याही. आणि मुलाचा पासपोर्ट आजच काढून पाहा. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षे चालतो, म्हणजे जन्मल्यावर लगेच काढलेला तुमच्या मुलाचा पासपोर्ट संपत आलेला असण्याची दाट शक्यता आहे. शेंगेन प्रदेश सोडल्यानंतर तो किमान तीन महिने वैध असावा लागतो.

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या नातवाला बालदमा आहे. त्याला बर्फात नेणे सुरक्षित आहे का?
— एक आजोबा, ठाणे

उत्तर : हा निर्णय त्याच्या डॉक्टरांचाच, आणि तो तिकिटे काढण्यापूर्वी घ्यावा, कारण थंड, कोरड्या हवेने श्वासनलिका आकसून दमा उसळू शकतो. त्यांनी होकार दिला, तर नाकातोंडावर पातळ लोकरी पट्टा बांधावा आणि बर्फात पळापळीचे खेळ आवरते घ्यावेत. औषधे हातातल्या पिशवीतच ठेवावीत, सोबत औषधाचे मूळ नाव इंग्रजीत लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी असावी. दाबून फवारा मारायचा इन्हेलर गारठला तर पुरेसे औषध बाहेर टाकत नाही. तो पाठीवरच्या पिशवीत न ठेवता कोणा मोठ्या माणसाने आपल्या डगल्याच्या आतल्या खिशात, अंगालगत बाळगावा, आणि तो कोणाकडे आहे हे घरातून निघतानाच सर्वांना ठाऊक असावे.