लाखभर मैल चाललेली जुनी गाडी ब्रिटनमध्ये घ्यावी का?

नमस्कार. बर्मिंगहॅमला नोकरी लागली आहे, कुटुंबासह येताय, आल्याआल्या गाडी हवी. नेटवर २०१४ची डिझेल हॅचबॅक पाहिलीत, १,१२,००० मैल चाललेली, खासगी मालकाची, २,६०० पौंडांची. घ्यावी का, असा तुमचा प्रश्न आहे. माझं उत्तर: ही घेऊ नका. मात्र एक लाख बारा हजार हा आकडा पाहून मी नाही म्हणत नाहीये, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१,१२,००० मैल म्हणजे साधारण १,८०,००० किलोमीटर. आपल्याकडच्या हिशेबाने हे ऐकून पोटात गोळा येतो. पण इथे रोज ऐंशी-नव्वद मैल मोटारवेवर ये-जा करणारे भरपूर लोक आहेत. अशा गाडीचं इंजिन नीट तापतं, एकसारखं चालतं, गिअर आणि ब्रेक कमी वापरले जातात. उलट दहा-बारा वर्षांत जेमतेम ४०,००० मैल झालेली, फक्त शाळा आणि दुकान एवढंच केलेली गाडी बघा. ऑइल कधी धड तापलेलं नसतं, त्यात ओलावा आणि पेट्रोल मिसळत राहतं, क्लच सतत दाबलेला असतो आणि ‘फार चाललीच नाही’ म्हणून सर्व्हिसिंगही टळलेलं असतं. दोन्हींच्या सर्व्हिसच्या नोंदी हातात असतील तर मी लाखवाली घ्यायला सांगेन.

तुम्ही पाहिलेल्या गाडीची अडचण डिझेलची आहे. बर्मिंगहॅमच्या मध्यभागी, ए४५४० या रिंग रोडच्या आतल्या भागात, क्लीन एअर झोन आहे, म्हणजे जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांना पैसे पडतात असा भाग. तिथे युरो ६ (धुराच्या प्रदूषणाचा युरोपीय दर्जा, आकडा मोठा तितकी गाडी स्वच्छ) नसलेल्या डिझेल कारला दिवसाला ८ पौंड पडतात. सप्टेंबर २०१५ आधीच्या बहुतेक डिझेल गाड्या युरो ५ किंवा त्याखालच्या. ऑफिस त्या भागात असेल तर महिन्याला दीडशेच्या वर पौंड नुसते तिथे जाण्याचे. पेट्रोलला युरो ४ पुरतं, म्हणजे २००६ नंतरची जवळजवळ कुठलीही चालते. नंबर प्लेट टाकून सरकारी संकेतस्थळावर हे मिनिटात कळतं.

दुसरं म्हणजे डीपीएफ, धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. तो स्वतःला जाळून साफ करतो, पण त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटं चांगल्या वेगाने सलग चालावी लागते. शहरातल्या दोन-तीन मैलांच्या फेऱ्यांत हे अर्धवट राहतं, जादा डिझेल ऑइलमध्ये उतरतं, शेवटी फिल्टर तुंबतो. नवा बसवायचा तर गाडीच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत बिल जाऊ शकतं: चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. काही जण फिल्टर कापून काढतात, पण मूळ बसवलेला फिल्टर गायब दिसला की गाडी एमओटीत, म्हणजे इथल्या सक्तीच्या वार्षिक तपासणीत, नापास होते.

मग घ्यावं काय? साधं पेट्रोल, टर्बो नसलेलं, टायमिंग चेन (व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा ताल जुळवणारी साखळी) असलेलं इंजिन. होंडा जाझ १.४, टोयोटा यारिस १.३३ अशा गाड्या. फोर्डचं १.० इकोबूस्ट आणि पूजो-सिट्रोएनचं १.२ प्युअरटेक यांच्या अनेक वर्षांच्या मॉडेलांत चेनऐवजी टायमिंग बेल्ट, म्हणजे पट्टा असतो आणि तो इंजिन ऑइलमध्येच फिरतो. तो झिजला की त्याचे कण ऑइलच्या जाळीत अडकतात, ऑइलचा दाब पडतो आणि इंजिन जातं. बेल्ट बदलल्याची पावती दाखवली नाही तर लाखभर मैलांवर यांच्या वाटेला जाऊ नका. बाहेरचा, कोरडा बेल्ट असेल तरी कधी बदलला ते विचाराच. त्याला मैलांइतकीच वर्षांचीही मुदत असते, आणि तुटला तर बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात.

गाडी बघायला जायच्या आधी घरबसल्या एमओटीचा इतिहास वाचा. गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी ही तपासणी लागते, आणि नंबर टाकला की सगळे निकाल फुकट दिसतात. प्रत्येक वर्षीचे मैल ओळीने बघा. आकडा कुठे मागे गेलाय, किंवा दरवर्षी बारा हजार होता तो अचानक दोन हजारांवर आलाय, तर पाणी मुरतंय. त्याहून महत्त्वाच्या ‘ॲडव्हायजरी’ नोंदी, म्हणजे पास केलं पण लक्ष ठेवा. एका वर्षी मागच्या सबफ्रेमला (चाकांची जोडणी धरणारा खालचा सांगाडा) गंज, पुढच्या वर्षी पुन्हा तेच, तिसऱ्या वर्षी ब्रेक पाइप गंजलेला, असं दिसलं तर मालकाने कशालाच हात लावलेला नाही. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे खालून गंजणं ही या देशातली खरी व्याधी आहे. इंजिन बदलता येतं, कुजलेली सिल (दारांखालची पट्टी) आणि सबफ्रेम परवडत नाही. आणि जाहिरातीतल्या ‘फुल एमओटी’ला (नुकतीच एमओटी पास झालेली) भुलू नका, त्या तपासणीत इंजिन, क्लच, गिअरबॉक्स यांची अवस्था बघतच नाहीत.

प्रत्यक्ष बघताना इंजिन थंड हवं. आधीच सांगून ठेवा, आणि पोचल्यावर बॉनेटला हात लावून बघा. गरम करून ठेवलं असेल तर का, ते विचारा. सुरू करताना पहिल्या काही सेकंदांत चेनचा खडखडाट येतो का, ऐका. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. थंडीत थोडी पांढरी वाफ येते आणि विरते. विरत नसेल आणि गोडसर वास येत असेल तर कूलंट जळतंय.

वीस-पंचवीस पौंडांचा ब्लूटूथ ओबीडी रीडर, म्हणजे गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, सोबत न्याच. डॅशबोर्डखाली लावा आणि कोडच्या आधी ‘रेडिनेस’ बघा. गाडीने स्वतःच्या उत्सर्जन यंत्रणेच्या चाचण्या पूर्ण केल्यात की नाही, ते तिथे दिसतं. तीन-चार चाचण्या ‘नॉट रेडी’ असतील तर बहुधा नुकतेच कोड पुसलेत किंवा बॅटरी काढली आहे. एकही कोड नाही याला मग काही अर्थ नाही. चावी ऑन केल्यावर इंजिनचा दिवा लागून, इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवा. लागतच नसेल तर तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो.

चालवताना चौथ्या गिअरमध्ये ३० मैलांच्या वेगावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम चढले पण वेग तेवढा वाढला नाही तर क्लच संपत आलाय: सहाशे-सातशे पौंड सहज. टायरवर चार आकडी तारीख असते, ‘२३१८’ म्हणजे २०१८चा २३वा आठवडा. येत्या वर्षात येणारी अशी मोठी कामं कागदावर मांडा, बेरीज करा आणि तेवढी किंमत कमी करून मागा. शिवाय हजारभर पौंड बाजूला ठेवूनच जुनी गाडी घ्या.

गाडीवर कर्ज बाकी आहे का आणि ती विमा कंपनीने नुकसानीमुळे ‘कॅटेगरी एस’ किंवा ‘एन’ म्हणून निकालात काढली होती का, हे थोडे पैसे भरून तपासा. व्ही५सी हे नोंदणीपत्रक मालकीचा पुरावा नसतं. डीलरकडून घेतलीत तर मोठ्या दोषासाठी ३० दिवसांत परत करण्याचा कायदेशीर हक्क आहे. खासगी विक्रेत्याकडून तो नाही, तिथे मुख्यतः वर्णन खोटं निघालं तर दाद मागता येते. नवख्या माणसाला डीलरचे तीन-चारशे पौंड जास्त देणं योग्य, असं माझं मत.

विम्याचा आकडा मात्र सर्वांत आधी, त्याच नंबर प्लेटवर काढून बघा. भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून १२ महिने चालवता येतं, पण हप्ता जबर येतो, कधीकधी गाडीच्या निम्म्या किमतीएवढा. रोड टॅक्स जुन्या मालकाकडून तुमच्याकडे येत नाही. व्ही५सीच्या हिरव्या चिठ्ठीवरच्या १२ आकडी नंबराने तो तिथेच मोबाइलवर भरा, विमा सुरू करा, आणि मगच चावी फिरवा.