जर्मनीत स्टेडियममध्ये जाऊन एकच फुटबॉल सामना बघता येणार असेल, तर कुठे जावं?

तुम्ही लिहिलंय की ऑक्टोबरात दहा दिवस जर्मनीत आहात, एकच सामना जमेल, तर म्युनिकला बायर्नचा बघावा का. आणि तिथल्या ‘अल्ट्रा’ मंडळींची, म्हणजे संघटित कट्टर समर्थकांची, भीती बाळगावी का.

म्युनिक सोडा. स्टेडियम देखणं आहे, त्यात वाद नाही. पण एकच बघणार असाल तर उभ्याने बघा, आणि त्यासाठी डॉर्टमुंड किंवा बर्लिनचा युनियन हा क्लब गाठा.

मी शिकायला डॉर्टमुंडला होतो. पहिल्याच हिवाळ्यात घरमालक तापाने आडवे झाले आणि त्यांचं सीझन तिकीट माझ्या हातात आलं. तिकीट दक्षिण स्टँडचं. एका उतारावर जवळजवळ पंचवीस हजार माणसं उभी, खुर्ची एकही नाही. या स्टँडला ‘पिवळी भिंत’ म्हणतात. माझ्याकडे जाड जॅकेट एकच होतं, पुण्याहून नेलेलं, गडद निळं. तेच घालून गेलो.

निळा हा शाल्केचा रंग. शाल्के म्हणजे शेजारच्या गेल्सेनकिर्शेनचा क्लब आणि डॉर्टमुंडचा पिढीजात वैरी. इतका, की पक्का डॉर्टमुंडकर ते नावसुद्धा घेत नाही, ‘हेर्ने-वेस्ट’ म्हणतो. (शाल्केवालेही कमी नाहीत, ते डॉर्टमुंडला ‘ल्युडेनशाइड-नॉर्ड’ म्हणतात.) यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. शेजारी डेनिमचं बिनबाह्यांचं जाकीट घातलेले एक आजोबा उभे होते, त्यावर तीसेक वर्षांचे बिल्ले शिवलेले. त्यांनी माझी कॉलर दोन बोटांत धरली, दुकानात कापड बघतात तशी, आणि मान हलवली. म्हटलं, आता मार खातोय. त्यांनी जॅकेट काढायला लावलं, उलटं केलं. अस्तर काळं निघालं. तेच पुन्हा माझ्या अंगात घातलं, वर स्वतःचा पिवळा मफलर गुंडाळला आणि म्हणाले, “आता ठीक.” काळा-पिवळा, डॉर्टमुंडचा रंग! पुढची नव्वद मिनिटं खिसे आत, रुमाल आत, नाक वाहतंय.

वानखेडेवर मी बरेच सामने बघितलेत. तिथे आवाज चेंडूमागे धावतो: चौकार गेला की उसळतो, विकेट पडली की बसतो. इथे गाणं चेंडूला विचारत नाही. कुंपणावर एक जण मैदानाकडे पाठ करून भोंगा घेऊन उभा असतो, तो सामना जवळजवळ बघतच नाही, स्टँड चालवतो. त्या दिवशी आम्ही दोन गोलांनी मागे पडलो, तरी सूर खाली आला नाही. मग एक गोल फेडला आणि वरून बिअरचा पाऊस पडला. निवेदक खेळाडूचं पहिलं नाव पुकारतो, आडनाव स्टँड ओरडतं. शेवटी तो म्हणतो, “डांके”, आणि सगळे एका आवाजात “बिट्टे!”

ही उभी तिकिटं साधारण पंधरा-वीस युरोंना मिळतात, ती क्लबचे मालक दयाळू आहेत म्हणून नव्हे. तिथल्या नियमानुसार, लेव्हरकुझेन-वोल्फ्सबुर्गसारखे अपवाद सोडले तर, मतांचं बहुमत क्लबच्या सभासदांकडे राहतं, आणि सभासद गप्प बसत नाहीत. डिसेंबर 2023 मध्ये जर्मन लीगने बाहेरचा गुंतवणूकदार आणायचा ठराव केला. प्रेक्षकांनी मैदानात टेनिसचे चेंडू फेकून सामने थांबवले, पुन्हा पुन्हा, आठवडेच्या आठवडे. फेब्रुवारी 2024 मध्ये लीगने माघार घेतली.

युनियनचं मैदान बर्लिनच्या क्योपेनिक भागात, झाडीच्या कडेला आहे. जेमतेम 22,000 माणसं मावतात, त्यातली बहुतेक उभी. 2008-09 मध्ये ते नव्याने बांधायला पैसे पुरेनात, तेव्हा दोन हजारांहून जास्त समर्थकांनी फुकट राबून ते उभं केलं. संघाची नावं वाचताना प्रत्येक नावामागे लोक ‘फुसबॉलगॉट’, म्हणजे फुटबॉलचा देव, असं जोडतात. बाकावरच्या राखीव गोलकीपरलासुद्धा! 2019 मध्ये संघ पहिल्यांदा वरच्या डिव्हिजनमध्ये आला. घरच्या पहिल्या सामन्याला लोक आपापल्या गेलेल्या माणसांचे मोठे फोटो घेऊन आले होते. हा दिवस बघायला जे उरले नाहीत, त्यांचे.

भीतीचं म्हणाल तर पाहुण्या संघाचा रंग घालून घरच्या स्टँडमध्ये शिरू नका, आणि अल्ट्रांच्या घोळक्यात मोबाइल वर करून चित्रण करू नका, ते त्यांना अजिबात खपत नाही. एवढं पाळलंत की झालं. स्टेशनवर पोलिसांची रांग दिसेल, ती नेहमीचीच. बिअरच्या ग्लासाची अनामत असते, ग्लास परत केला की पैसे परत.

तिकीट मात्र क्लबच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. आधी सभासदांना मिळतं, उरलं तर आपल्याला. पण बऱ्याच क्लबांची अधिकृत फेरविक्री असते, तिथे शेवटच्या आठवड्यात नशीब उघडतं. एका मित्रासाठी मी तिसऱ्याच साइटवरून तिप्पट भावात घेतलं होतं. फाटकावर लाल दिवा लागला आणि आम्ही सामना पबमध्ये बघितला. दोन्हीकडे नाहीच जमलं तर खालच्या डिव्हिजनमधला एसेन शहराच्या संघाचा सामना बघा, तिथला आवाज वरच्या डिव्हिजनचा आहे.

आणि रेल्वेचं तिकीट घाईने काढू नका. वेळापत्रकात आधी फक्त आठवडा ठरतो. सामना शुक्रवारी, शनिवारी की रविवारी, हे जेमतेम काही आठवडे आधी कळतं.