हात चांगला आहे, म्हणूनच सांगतो

बाळा, परवा काकड्याला तुझा पखवाज ऐकला. हात गोड आहे. असा हात शिकवून येत नाही, तो पांडुरंगच देतो. म्हणून तर तुझी काळजी वाटते. ज्याला घासून घासूनच मिळवावं लागतं, तो सहसा वाया जात नाही.

मलाही लोक हेच म्हणायचे. मग रियाज सुटला. एका रात्रीत दोन-दोन गावच्या सुपाऱ्या, जागरणाला तंबाखू, पुढे दारू. आणि गळ्यात तुळशीची माळ तशीच! एका कीर्तनात चाल चढली आणि माझा हात मागे पडला. बुवा बोलले नाहीत. नुसते माझ्याकडे पाठ करून टाळकऱ्यांकडे वळले. दारू सुटून आता कैक वर्षं झाली, पण मनगट पहिल्यासारखं फिरलं नाही ते नाहीच.

तू पहाटे तासभर फक्त भजनी ठेका वाजव, आठही मात्रा सावकाश. दुगणीची, म्हणजे दुप्पट लयीची, घाई नको. वाजवून झालं की धुमेची, म्हणजे डाव्या तोंडाची, कणीक लगेच काढत जा. वाळल्यावर खरवडलीस तर पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, जाते. बिदागी घे, त्यात पाप नाही, पण गावातला हरिपाठ बुडवून नको. जमलंच तर आळंदीला जा. जोग महाराजांनी १९१७ साली काढलेली वारकरी शिक्षण संस्था तिथेच आहे.

एकादशीला जरा लवकर ये. माझा जुना पखवाज पडून आहे. पुडीवरची शाई उडालीय, कातडी वाद्या मात्र नव्या आहेत.