युनिक्स मशीनवर प्रोसेसर आणि ओएस स्क्रिप्टने कशी ओळखायची? नुसतं युनेम -एम (आर्किटेक्चरचं नाव छापणारी कमांड) पुरेसं आहे का?

नाही, पुरेसं नाही, आणि तुमच्या रास्पबेरी पायवर जे होतंय ते त्याचं अगदी टिपिकल उदाहरण आहे. तुम्ही लिहिलंय की युनेम -एम एआर्च६४ दाखवतं म्हणून स्क्रिप्ट ६४ बिटवाली बायनरी (तयार प्रोग्रामची फाइल) उतरवते, ती चालवली की "नो सच फाइल ऑर डिरेक्टरी" येतं, आणि फाइल तर एलएसमध्ये समोर दिसतेय. फाइल आहेच हो, नाहीये तो तिचा लोडर! डायनॅमिक बायनरी (बाहेरच्या लायब्ररी लागणारी) चालवताना कर्नल, म्हणजे ओएसचा गाभा, आधी तिच्यात नाव लिहिलेला लोडर (त्या लायब्ररी जोडून देणारा प्रोग्राम) शोधतो, ६४ बिटचा लोडर तुमच्या कार्डवर नाही कारण तुम्ही ३२ बिटची ओएस टाकलीये, फक्त कर्नल तेवढा ६४ बिटचा आहे. पाय ४ वर २०२३ पासून ३२ बिट ओएसलासुद्धा डिफॉल्ट ६४ बिटचाच कर्नल बूट होतो, त्यामुळे हा घोळ भरपूर लोकांना झालाय.

म्हणजे युनेम खोटं बोलत नाहीये, त्याला विचारलं कर्नलबद्दल आणि त्याने सांगितलं कर्नलबद्दल. चिप कुठली, कर्नल कुठला, वरची युजरस्पेस (कर्नलबाहेरचे प्रोग्राम आणि लायब्ररी) किती बिटची आणि डिस्ट्रो (डेबियनसारखा लिनक्सचा प्रकार) कुठला, हे चार वेगळे प्रश्न आहेत आणि बायनरी निवडताना सगळ्यात जास्त कामाचा तिसरा, नेमका तोच कुणी विचारत नाही. त्यासाठी गेटकॉन्फ लाँग_बिट चालवा, सरळ ३२ किंवा ६४ छापतं. डेबियन घराण्यातलं मशीन असेल तर डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर अजून बरं, तुमच्या पायवर ते आर्मएचएफ (३२ बिट आर्म) सांगेल आणि तीच बायनरी तुम्हाला हवीये.

युनेमचे -पी आणि -आय मात्र सोडून द्या. ते पॉझिक्समध्ये (युनिक्सच्या सामायिक मानकात) नाहीत आणि लिनक्सवर बऱ्याच ठिकाणी नुसतं "अननोन" येतं. -एस, -आर, -एम एवढ्यावरच भरवसा ठेवा, तोही बेताने.

डिस्ट्रोसाठी ईटीसीमधली ओएस-रिलीज फाइल वाचा, ती शेलमध्ये सरळ सोर्स करता येते, आयडी आणि व्हर्जन_आयडी मिळतात, झालं. एलएसबी_रिलीज कमांडच्या नादी लागू नका, छोट्या इमेजमध्ये ती नसतेच. डॉकरमध्ये चालवणार असाल तर तिथे युनेम -आर होस्टचा कर्नल सांगणार आणि ओएस-रिलीज कंटेनरची ओएस, दोन्ही आपापल्या जागी बरोबर. आणि अल्पाइन (एक छोटा डिस्ट्रो) निघालं तर तिथे जीलिबसी ही नेहमीची सी लायब्ररी नसून मसल नावाची दुसरी असते, त्यामुळे आर्किटेक्चर शंभर टक्के जुळूनही तोच "नो सच फाइल" परत येईल, म्हणजे तिथे वेगळी बायनरी नाहीतर स्टॅटिक (लायब्ररी आतच असलेली) हवी.

मॅकवर युनेम -एस डार्विन म्हणतं. एम सिरीजच्या मॅकवर -एम आर्म६४ सांगतं (लिनक्सवर त्याच आर्किटेक्चरला एआर्च६४, त्यामुळे स्क्रिप्टच्या केस स्टेटमेंटमध्ये दोन्ही नावं घाला), पण टर्मिनल रोझेटाखाली (इंटेलचे प्रोग्राम एम चिपवर चालवणारा अनुवादक) चालू असेल तर तेच मशीन एक्स८६_६४ सांगतं. सिससीटीएल कमांडने सिससीटीएल.प्रॉक_ट्रान्सलेटेड विचारा, १ आलं तर रोझेटा आहे. आणि युनेम -आरचा आकडा म्हणजे मॅकओएसचं व्हर्जन नव्हे, मॅकओएस १४ ला तिथे डार्विन २३ दिसतं. खरं व्हर्जन एसडब्ल्यू_व्हर्स देतं.

एआयएक्स (आयबीएमचं युनिक्स) तर वेगळंच प्रकरण! तिथे युनेम -एम आर्किटेक्चर देतच नाही, त्या मशीनचा आयडी नंबर देतं, त्यामुळे तुमचा केस थेट "अनसपोर्टेड"मध्ये जाऊन पडणार. -पी दिलं की पॉवरपीसी येतं, म्हणजे वर मी जे वापरू नका म्हणालो ते इथे चालतं, युनिक्स म्हटलं की हे आलंच. व्हर्जनही उलटं असतं, ७.२ असेल तर ७ हा -व्हीमध्ये आणि २ हा -आरमध्ये. पॅच लेव्हलसकट हवं असेल तर ओएसलेव्हल -एस.

राहिली चिप. लिनक्सवर एलएससीपीयू वापरा, प्रॉकमधली सीपीयूइन्फो स्वतः पार्स करत बसू नका, कारण इंटेल-एएमडीवर त्यात मॉडेल नेम छान मिळतं पण आर्मवर बहुतेकदा नुसते इम्प्लिमेंटर आणि पार्टचे हेक्स कोड असतात, एलएससीपीयू तेच कोड बघून कॉर्टेक्स-ए७२ असं नाव देतं. बायनरी एव्हीएक्स२ (इंटेल-एएमडी चिपांमधला जादा सूचनांचा संच) वापरत असेल तर मॉडेलच्या नावावरून अंदाज न लावता एलएससीपीयूच्या फ्लॅग्जमध्ये एव्हीएक्स२ आहे का तेवढं बघा. व्हर्च्युअल मशीनमध्ये हायपरव्हायझर (ते मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) असले फ्लॅग लपवू शकतो, मग चिप नवी असूनही "इललीगल इन्स्ट्रक्शन" येऊन प्रोग्राम मरतो.

तर क्रम असा ठेवा: आधी युनेम -एसवर केस, लिनक्स निघालं तर युनेम -एम, गेटकॉन्फ आणि जीलिबसी की मसल, मॅकला रोझेटाची तपासणी, एआयएक्सला वेगळी फांदी. आणि एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ठेवा ज्यात आर्किटेक्चर हाताने देता येईल, तो सेट असेल तर बाकी काही तपासूच नका, कारण एखादं मशीन या सगळ्यातूनही सुटणार आणि तेव्हा समोरच्याला स्क्रिप्ट एडिट करायला लावू नये.