हळदीतलं क्रोमियम आणि न विरघळणारी कात्रणं

प्रश्न (सांगली): हळद पावडरीच्या काही नमुन्यांत शिसं नगण्य, पण क्रोमियम भरपूर दिसतं. लेड क्रोमेटची (पिवळ्या रंगद्रव्याची) भेसळ समजायची का?

उत्तर: नाही. लेड क्रोमेटमध्ये शिसं वजनाने क्रोमियमच्या जवळपास 4 पट असतं. भेसळ असती तर आधी शिसंच उसळलं असतं.

डायजेशननंतर, म्हणजे नमुना गरम आम्लात विरघळवल्यावर, द्रावण पिवळसर राहतंय का? म्हणजे कार्बन पुरता जळलेला नाही. आयसीपी-एमएसच्या (मूलद्रव्यांचे आयन करून ते वस्तुमानानुसार मोजणाऱ्या यंत्राच्या) तप्त आर्गॉन प्लाझ्मात कार्बन-12 आर्गॉन-40 ला चिकटतो आणि वस्तुमान 52 वर, ऐन क्रोमियमच्या जागी, येऊन बसतो. पावडर 0.2 ग्रॅम घ्या, त्यात 5 मिली नायट्रिक आणि 1 मिली हायड्रोजन पेरॉक्साइड. झाकण लावायची घाई नको. 15 मिनिटं फेस बसू द्या. मग मायक्रोवेव्हमध्ये 200 अंशांवर 20 मिनिटं, शेवटी पाण्याने 50 मिलीपर्यंत न्या. मोजणी हेलियम मोडमध्ये करा, त्यात हेलियम वायू असे जोड-आयन अडवतो; आणि एकदा हेलियमशिवाय क्रोमियमच्या 52 व 53 दोन्ही वस्तुमानांवर. हेलियमशिवायचा 52 चा आकडा बाकीच्यांपेक्षा जास्त आला तर दोष कार्बनचाच. तिन्ही आकडे जुळले तर चक्कीच्या स्टेनलेस भागांकडे बघा. तेव्हा निकेलही वाढलेलं सापडेल.

आर्सेनिक, सेलेनियमची गोष्ट वेगळी. उरलेला कार्बन त्यांचं आयनीकरणच वाढवतो, तिथे हेलियम कामाचं नाही. ब्लँक (नमुन्याशिवायचं द्रावण), स्टँडर्ड (माहीत प्रमाणाचं द्रावण), नमुना, सगळ्यांत 2 टक्के आयसोप्रोपॅनॉल घाला, म्हणजे कार्बनचा परिणाम सगळीकडे सारखा राहील.

प्रश्न (सातारा एमआयडीसी): एलएम6 (ॲल्युमिनियम-सिलिकॉन मिश्रधातू) कास्टिंगची कात्रणं नायट्रिकमध्ये विरघळत नाहीत. हायड्रोक्लोरिकमध्ये काळा गाळ उरतो.

उत्तर: नायट्रिकमध्ये ॲल्युमिनियमवर ऑक्साइडची साय धरते. काळा गाळ म्हणजे सिलिकॉन, या मिश्रधातूत तो 10 ते 13 टक्के. गाळून टाकलात तर त्यात अडकलेली मूलद्रव्यंही गेली. 0.1 ग्रॅम कात्रणं पीएफए (आम्लाला टिकणारं फ्लोरोप्लास्टिक) भांड्यात थोड्या पाण्यात घ्या, हायड्रोक्लोरिक थेंबाथेंबाने, मग नायट्रिक, शेवटी थोडं हायड्रोफ्लोरिक. हायड्रोफ्लोरिक काच खातं, म्हणून काच कुठेही नको, नेब्युलायझर (द्रावणाचे तुषार करणारा भाग) सुद्धा पीएफएचा. कॅल्शियम ग्लुकोनेट जेल (हायड्रोफ्लोरिकच्या भाजण्यावरचा प्रथमोपचार) हाताशी नसेल तर ही बाटली उघडूच नका. 50 मिलीला विरघळलेलं घन 0.2 टक्के होतं, ती यंत्राची वरची मर्यादा. आणखी 10 पट पातळ करा. जस्त 66 वर मोजा, 67 वर आर्गॉन-ॲल्युमिनियम बसतो. क्लोराइडमुळे आर्सेनिकच्या 75 वरही आर्गॉन-क्लोरीन येतो, तिथे हेलियम लागेलच.

प्रश्न: ग्रॅफाइट विरघळवायचं कसं?

उत्तर: आम्लाच्या नादी लागू नका. प्लॅटिनमच्या वाटीत 800 अंशांवर जाळून राख विरघळवा. आर्सेनिक, कॅडमियम, शिसं त्यात उडून जातं. ते हवं असेल तर ग्लो डिस्चार्ज मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे घन तुकडा न विरघळवता थेट मोजणारं यंत्र. ग्रॅफाइट वीजवाहक असल्याने तुकडा तसाच लावता येतो.

प्रश्न: यंत्राची डिटेक्शन लिमिट (ओळखता येणारं किमान प्रमाण) अहवालात द्यावी का?

उत्तर: नाही, ती द्रावणाची, पावडरीची नव्हे. 0.2 ग्रॅम 50 मिलीत म्हणजे 250 पट. 10 ब्लँक पूर्ण डायजेशनमधून काढा, त्यांच्या प्रमाण विचलनाला 3 ने आणि मग 250 ने गुणा.