साहेब निवृत्त, मेल कुलूपबंद

प्रश्न : आमच्या फोर्टच्या ऑफिसातले अकाउंट्सचे साहेब निवृत्त झाले आणि आयटीवाल्यांनी त्यांचा लॅपटॉप लगेच फॉरमॅट केला. त्यांना आलेले एनक्रिप्टेड मेल आता उघडत नाहीत. त्यांच्या नावाचं नवं सर्टिफिकेट काढून चालेल का?
– एक वाचक, परळ

उत्तर : नाही चालणार. नव्या सर्टिफिकेटबरोबर किल्ल्यांची नवी जोडी बनते : मेल कुलूपबंद करणारी, सगळ्यांना दिलेली पब्लिक की, आणि तो उघडणारी, फक्त मालकाकडची प्रायव्हेट की. जुने मेल जुन्या प्रायव्हेट कीनेच उघडतील, मग त्या सर्टिफिकेटची मुदत संपलेली का असेना.

आयटीवाल्यांना विचारा : सर्टिफिकेट ऑफिसच्याच विंडोज सर्व्हरने दिलं होतं का, आणि तेव्हा सर्टिफिकेटच्या टेम्प्लेटमध्ये (ठरवून ठेवलेल्या साच्यात) 'की आर्काइव्ह', म्हणजे प्रायव्हेट कीची प्रत सर्व्हरवर जपून ठेवण्याची सोय, चालू होतं का? 'तेव्हा' महत्त्वाचं, कारण आज चालू केलंत तर आधीची की परत येत नाही. तेव्हा चालू असेल तर ती की 'की रिकव्हरी एजंट'च्या (अशा जपलेल्या किल्ल्या उलगडण्याचा अधिकार दिलेल्या माणसाच्या) पब्लिक कीने एनक्रिप्ट होऊन सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये पडून आहे. विंडोजच्या 'सर्टयुटिल' या कमांडच्या 'गेटकी'ने ती बाहेर काढायची, मग एजंटने 'रिकव्हरकी'ने उलगडायची. हाती पीएफएक्स फाइल येते, म्हणजे सर्टिफिकेट आणि त्याची प्रायव्हेट की एकत्र असलेली फाइल. ही दोन कामं एकाच माणसाकडे देऊ नका. बँकेच्या लॉकरलाही दोन चाव्या लागतात, आणि इथे तर दुसऱ्याचा पत्रव्यवहार उघडायचाय!

डिजिटल सहीची की मात्र कधीच आर्काइव्ह करू नये. तिची प्रत दुसऱ्याकडे असली, तर सही साहेबांचीच कशावरून?

आर्काइव्ह नव्हतं? मग साहेबांना फोन करा, एखाद्या पेनड्राइव्हवर पीएफएक्सचा बॅकअप असू शकतो. तोही नसेल तर पाठवणाऱ्यांकडूनच मेल पुन्हा मागवा.